अर्पणपत्रिकेपाशी थांबलेले वाचन

बोईसर-तारापूरच्या मुलांना अमेरिका ठाऊक असते ती तिच्या मदतीने १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे. पालघरच्या वर्गात मी त्यांना जोतीरावांची अमेरिका सांगतो. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली. आमच्या सभांतून ही अर्पणपत्रिका त्यांच्या विश्वव्यापी दृष्टीचा पुरावा म्हणून सांगितली जाते आणि टाळ्यांत विषय संपतो. मीही तेच करीत होतो. तलासरीकडच्या एका आदिवासी विद्यार्थ्याने विचारले, “सर, सुटल्यावर त्यांना जमीन मिळाली का?”

माझे वाचन उघडे पडले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली; १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. पण मुक्त झालेल्या काहींना मिळालेली जमीन अध्यक्ष जॉन्सन यांनी १८६५ सालीच जुन्या मालकांना परत केली. १८७७ नंतर दक्षिणेत त्यांना केंद्राच्या सैन्याचे संरक्षण उरले नाही. पुष्कळांच्या वाट्याला गोऱ्या मालकाच्या शेतात वाट्याने राबणे आले. मतही हिरावले गेले. ते परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. जोतीरावांनी लिहिले तेव्हा १८७७ यायचे होते. आम्हाला ती सबब नाही.

शिवाय अर्पणपत्रिकेतील गौरव मुक्त करणाऱ्यांचा आहे. परंतु यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. त्यांतले पुष्कळ स्वतः गुलाम होते. मुक्ती ही नुसती औदार्याची देणगी नव्हती.

आमच्याच जिल्ह्यात, झरीच्या किसान सभेच्या परिषदेत, वारल्यांनी १९४५ साली वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाचे मोल हे, की त्यात वेठ मोडणारा वारली स्वतः आहे. तरी जमिनीचा प्रश्न उरला. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २०१८ साली शेतकऱ्यांना नाशिकहून मुंबईपर्यंत चालत यावे लागले.

राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच उद्ध्वस्त होईल, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. अर्पणपत्रिकेपाशी थांबणारी समीक्षा हा इशारा विसरते. जोतीराव स्वतः तेथे थांबले नाहीत. दहा वर्षांनी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ही तिन्ही पुस्तके आपण एकत्र शिकवली पाहिजेत, आणि सुरुवात त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने केली पाहिजे.