उपासनेचा वयःक्रम : ‘स्मृतिचित्रें’ व ‘ख्रिस्तायन’ यांच्या आधारें एक विचार

(१)

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाविषयीं जें लेखन आढळतें, त्यांतील बरेचसें लेखन दोन गोष्टींभोंवतीं फिरतें : अमुक गृहस्थानें अमुक तिथीस बाप्तिस्मा घेतला, आणि अमुक मिशननें अमुक सालीं अमुक ठिकाणीं प्रार्थनामंदिर बांधिलें. या दोन्ही गोष्टी इतिहासास अवश्य आहेत. परंतु बाप्तिस्मा हें एका दिवसाचें कृत्य आहे, प्रार्थना ही जन्माची आहे. पंचविसाव्या वर्षीं मनुष्य देवाजवळ जें मागतो, तें पंचावन्नाव्या वर्षीं मागत नाहीं. कित्येकदां मागणेंच सोडून देतो व नुसता जवळ बसतो. हा फरक नोंदवहींत उतरत नाहीं. तो शोधावयाचा तर साहित्याकडेच वळलें पाहिजे. या दृष्टीनें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक या दंपतीचें लेखन म्हणजे मोठेंच साधन होय. त्या साधनाचा उपयोग कसा करावा व त्यांत धोके कोणते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

(२)

उपासनेस वयाची पायरी असते ही कल्पना दोन्ही परंपरांस परिचित आहे. पौलाच्या पत्रांत बालकास दूध व प्रौढास अन्न असा दृष्टान्त श्रद्धेच्या वाढीस दिलेला आहे. आपल्याकडे आश्रमव्यवस्था सर्वश्रुत आहे. मात्र आपल्या शास्त्रकारांनीं ही पायरी सर्वत्र सारखीच घट्ट धरिलेली नाहीं. मनुस्मृतींत तीन ऋणें फेडल्यावांचून मोक्षाकडे मन लावूं नये असा दंडक आहे. तर जाबालोपनिषदांत ज्या दिवशीं वैराग्य उपजेल त्याच दिवशीं प्रव्रज्या घेण्यास मुभा दिली आहे. भागवतांतील प्रल्हाद तर बालवयांतच नवविधा भक्ति सांगतो. तिच्यांत श्रवण आधीं व आत्मनिवेदन शेवटीं येतें म्हणून पुष्कळ लोक ती जिन्याप्रमाणें समजतात. तथापि मूळांत ते नऊ प्रकार सांगितले आहेत, एकावर एक चढविलेल्या नऊ पायऱ्या नव्हेत. हा भेद ध्यानांत ठेविला असतां टिळक दंपतीच्या चरित्राचा अर्थ लावणें सोपें जातें.

व्यक्तीप्रमाणें समाजासही बाल्य असतें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ त गोमंतकांत रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्या ग्रंथाच्या आरंभींच नवख्रिस्ती ब्राह्मण असा प्रश्न करितो कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? प्रश्न मार्मिक आहे. नव्या श्रद्धेंत आलेल्या समाजास प्रथम तत्त्वचर्चा नको असते, कथा हवी असते. आणि ती ऐकण्याची संवय ज्या ओवीस जडलेली असते त्याच ओवींत हवी असते. स्टीफन्स यांनीं ती गरज ओळखिली, हेंच त्यांच्या ग्रंथाचें खरें महत्त्व. सुमारें तीनशें वर्षांनंतर टिळकांनीं १९०९ त ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतलें, तेव्हां समाज निराळा होता, पंथ निराळा होता, परंतु गरज तीच होती.

(३)

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. संस्कृताचें अध्ययन नाशिकास झालें. १८९३ त रेल्वेच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला; १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेव्हां त्यांचें वय तेहेतीस वर्षांचें होतें. त्यापुढील बावीस वर्षें त्यांची उपासना मुख्यतः समाजासाठीं होती : अहमदनगरच्या पाठशाळेंत शिकविणें, कीर्तनें करणें, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन करणें, आणि मंडळींनीं एकत्र गावीं अशीं पदें रचणें. मराठी ख्रिस्ती मंदिरांत आजही गाइल्या जाणाऱ्या पदांचा मोठा भाग त्यांचा आहे. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या शेजारीं त्यांनीं अभंग व भजन आणून बसविलें, यांत केवळ छंदाचा बदल नव्हता. अभंग म्हणणारा देवाशीं ज्या सलगीनें बोलतो, भांडतो, रुसतो, ती सलगी त्या छंदाबरोबर मंदिरांत आली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत.

१९१७ त मात्र त्यांनीं मिशनची नोकरी सोडिली, संन्यस्त वृत्ति स्वीकारिली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही तेथें मोकळीक असावी असा त्यांचा मानस होता. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. म्हणजे ही अवस्था दोनच वर्षें टिकली. आश्रमांच्या मापानें मोजूं गेल्यास हें जीवन चौकटींत नेटकें बसतें : अध्ययन, गृहस्थधर्म, लोकसेवा आणि शेवटीं संन्यास. नेमक्या याच ठिकाणीं समीक्षकानें सावध राहिलें पाहिजे. ‘अभंगांजली’ हातीं घेऊन, यांतील ख्रिस्तास माउली म्हणून आळविणारी वाणी ही संन्यासाची, म्हणून ती उंच. आणि समाजासाठीं रचलेलीं पदें हीं पूर्वावस्थेचीं, म्हणून तीं खालचीं, अशी प्रतवारी लावण्याचा मोह होतो. ही प्रतवारी आमच्या मतें चुकीची आहे. मंडळीनें एका सुरांत म्हणावयाचें पद व एकट्यानें रात्रीं म्हणावयाचा अभंग यांची कार्यें भिन्न आहेत. भक्तीचे ते दोन प्रकार आहेत. ज्यानें शंभर जणांच्या मुखांत बसेल असें पद रचिलें, त्यासच आपल्या एकट्याचा सूर पुढें सांपडला, असें म्हणणें अधिक युक्त होईल.

(४)

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. लक्ष्मीबाई १९३६ त निवर्तल्या. या ग्रंथाची भाषा, त्यांतील विनोद व निर्व्याज सत्यकथन यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्याची पुनरुक्ति येथें नको. उपासनेच्या इतिहासाच्या दृष्टीनें मात्र या ग्रंथांत एक चमत्कार दिसतो : एवढी मोठी धर्मान्तराची कथा, आणि तींत धर्मतत्त्वांची चर्चा जवळजवळ नाहीं.

लक्ष्मीबाईंचें बालपण सोंवळ्याच्या कडक धाकांत गेलें. त्यांच्या मातामहांस १८५७ च्या धामधुमींत फांशी झाली, आणि त्या घटनेनंतर वडिलांच्या मनानें सोंवळ्याचा जो ध्यास घेतला तो घरास जाचक झाला. त्या बालिकेस देवाची पहिली ओळख झाली ती अशी : कशास शिवूं नये, या रूपानें. १८८० त विवाह. पुढें पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारें पांच वर्षांचा वियोग, आणि त्यांतील पंढरपुरचें वास्तव्य. मग पतीकडे येऊनही आपलें पाणी व स्वयंपाक त्यांनीं वेगळाच राखिला. पुढें जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें, हा एकच प्रश्न त्यांनीं मनाशीं घोळविला, आणि त्याचें उत्तर सांपडतांच कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० त. म्हणजे टिळकांची वाट ग्रंथांतून गेली, तर लक्ष्मीबाईंची पाण्याच्या घागरीवरून. ज्या ठिकाणीं बालपणीं देव भयरूपानें भेटला होता, त्याच ठिकाणीं प्रौढपणीं तें भय सुटलें. त्यांच्या उपासनेची ही खरी दुसरी अवस्था होय. बाप्तिस्म्याची तिथि तिच्यामागून आली.

पुढील वर्षांत त्यांची उपासना म्हणजे घर. परक्यांच्या मुलांस त्या घरांत थारा होता. बालकवि ठोमरे यांसही तेथें आईची माया मिळाली. टिळकांच्या हातीं आलेला पैसा हातीं राहत नसे, आणि त्यांच्या दातृत्वाचा भार चुलीवर पडत असे, हें ‘स्मृतिचित्रां’च्या पानोपानीं दिसतें. येथें आश्रमाचें माप अपुरें पडतें. पतीनें संन्यस्त वृत्ति घेतली तेव्हां पत्नीनें कोणत्या आश्रमांत राहावयाचें? शास्त्रकारांनीं तिला पतीबरोबर वनांत जाण्याची किंवा मुलांकडे राहण्याची वाट दिली. तिच्या स्वतःच्या भक्तीस स्वतंत्र क्रम सांगितला नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ हा तो न सांगितलेला क्रम आहे. म्हणूनच ख्रिस्ती वाचकांइतकाच तो इतरांच्याही कामाचा आहे.

या क्रमाची अखेरची अवस्था ‘ख्रिस्तायना’त पाहावयास मिळते. टिळकांच्या हातून त्या ग्रंथाचा आरंभींचा थोडाच भाग झाला होता. ज्यांस अक्षरओळखही विवाहानंतर पतीनें करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनीं वैधव्यांत त्याचे साठांहून अधिक अध्याय रचिले. उरलेलें काम चिरंजीव देवदत्त यांनीं पुरें करून १९३८ त ग्रंथ प्रसिद्ध केला. काव्य म्हणून दोन हातांतील सांधा लपत नाहीं. टिळकांची ओवी पंडिताची आहे, लक्ष्मीबाईंची जात्यावर बसणाऱ्या बाईची. कित्येक ठिकाणीं ती सपाट होते व केवळ कथा पुढें ढकलते, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु वार्धक्यांत रोज कांहीं ओव्या रचून दिवंगत पतीचा संकल्प तडीस नेणें, यास जप म्हणावयाचें नाहीं तर कशास म्हणावयाचें?

(५)

साधनांविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करितों. ‘स्मृतिचित्रें’ हीं बहुतांशीं घटना घडल्यानंतर कित्येक वर्षांनीं लिहिलेलीं आहेत. सत्तरीकडे झुकलेली स्त्री आपल्या बाविसाव्या वर्षाची प्रार्थना सांगते, तेव्हां तींत सत्तरीचें हंसूं मिसळलेलें असतें. तेव्हां कालनिर्णयासाठीं केवळ या ग्रंथावर विसंबूं नये. वृत्तीच्या निर्णयासाठीं मात्र याहून चांगला साक्षीदार मिळणें कठीण. टिळकांच्या पदांविषयीं अडचण उलट आहे : तीं गाण्याच्या पुस्तकांत विषयवारीनें लाविलेलीं असल्यामुळें त्यांतील वयःक्रम पुसला गेला आहे. जन्म, दुःख, क्रूस, पुनरुत्थान अशा मथळ्यांखालीं पस्तिशींतील पद व पंचावन्नाव्या वर्षींचें पद शेजारीं बसतात. उपासनेस ही सोय योग्यच. अभ्यासास मात्र गैरसोयीची. १८४२ त अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांतून हीं पदें ज्या क्रमानें प्रकट झालीं त्या क्रमानें लावून काढणें, हें एखाद्या तरुण संशोधकानें अंगावर घेण्याजोगें काम आहे. कागद जुना आहे व दर पावसाळ्यास अधिक ठिसूळ होत आहे. तें काम झालें म्हणजे एका कवीची प्रार्थना वर्षावर्षानें कशी बदलली, हें अनुमानावर न सोंपवितां दाखवितां येईल.