‘जाने भी दो यारो’ : विडंबनाचा स्वीकार आणि समीक्षेची मर्यादा

प्रस्तावना :
कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हा मुंबईतील बांधकाम व्यावसायिक, पालिका प्रशासन व वृत्तपत्रे यांच्या संगनमताचे विडंबन करणारा हिंदी चित्रपट होय. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने अल्प खर्चात निर्माण झालेल्या या चित्रपटास प्रारंभी मोठे व्यावसायिक यश लाभले नाही. मात्र शाह यांना पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दूरदर्शनमुळे प्रेक्षकवर्ग वाढला आणि २०१२ मध्ये चित्रपट पुनःप्रदर्शित झाला. या बदलत्या स्वीकाराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विडंबनाचे स्वरूप :
दोन छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात नकळत खून टिपला जातो, ही कल्पना अंतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) वरून घेतलेली असून उद्यानास त्यांचेच नाव देऊन ते ऋण उघडपणे मान्य केले आहे. तथापि, तेथे पुरावा नाहीसा होतो आणि सत्याविषयीच शंका निर्माण होते. येथे पुरावा हाती आहे, परंतु जो तो त्याची किंमत ठरवितो. भक्ती बर्वे यांनी साकारलेली संपादिका शोभा हीदेखील त्यास अपवाद नाही. म्हणूनच ‘ब्लो-अप’ न पाहिलेल्या प्रेक्षकासही हे विडंबन परके वाटत नाही. कोसळणारा पूल आणि कंत्राटदार यांचे नाते समजण्यास परदेशी चित्रपटांचा अभ्यास आवश्यक नसतो.

समीक्षेची दिशा :
महाभारताच्या नाट्यप्रयोगात आयुक्तांचे प्रेत द्रौपदी म्हणून वावरते, या प्रसंगाचा समीक्षेत सातत्याने गौरव झाला आहे व तो यथार्थही आहे. परंतु हा प्रसंग सुटा काढून पुनःपुन्हा आठविला गेल्याने चित्रपट ‘निखळ विनोदी’ ठरत गेला. वस्तुतः त्याचा शेवट विनोदी नाही. पूल कोसळल्याचा दोष निरपराध नायकांवर येतो. कैद्यांच्या वेशातील ते दोघे प्रेक्षकांकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात आणि पार्श्वभूमीवर यशाची ग्वाही देणारे समूहगीत ऐकू येते.

निष्कर्ष :
विडंबनास लोकप्रियता लाभली की त्याची धार बोथट होण्याचा धोका संभवतो. रंगमंचावरील अंध धृतराष्ट्र काय चालले आहे असे वारंवार विचारतो, तेव्हा आपण हसतो. परंतु त्या हसण्यावरच थांबणारी समीक्षा त्याच्याच पंक्तीला बसते. अध्यापनात या चित्रपटाचा विचार करताना शेवटच्या दृश्यापासून मागे जाणे अधिक उचित ठरेल.