टोला हुकण्याची कला

परदेशातल्या आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत लेझीम, ढोलताशा, नाट्यसंगीत यांचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण अमरावती-अकोल्याकडून अमेरिकेत गेलेल्या घरांतली एक कला सहसा नजरेत भरत नाही, कारण ती तिथे बेसबॉलचा गणवेश घालून वावरते. हातातल्या गोल दांडक्याने हवेतल्या एवढ्याशा वस्तूला टोला हाणायचा, आणि तो हुकला की चारचौघांचं हसणं पचवून पुन्हा उभं राहायचं, अशी ही कला. वऱ्हाडात ती विटीदांडूने शिकवली. लिटल लीगच्या मैदानावर बॅट फिरवणारी आपली नातवंडं तीच पुढे चालवत आहेत, असं माझं म्हणणं आहे.

हे नातं ओढूनताणून आणलेलं आहे, असं कोणी म्हणेल. बेसबॉलचं मूळ इंग्लंडातल्या जुन्या चेंडूफळीच्या खेळांत आहे, हे मान्य. सारखेपणा आहे तो खेळणाऱ्याच्या अडचणीत. मग क्रिकेट काय वाईट, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, विशेषतः अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे डोळ्यांसमोर असताना. पण क्रिकेटची बॅट सपाट असते आणि तासन्‌तास चेंडू सोडणाऱ्यालाही तिथे मान मिळतो. विटीदांडूत बचाव नावाचा प्रकारच नाही. विटी उडवली की हाणायचीच. बेसबॉलमध्ये चेंडू सोडता येतो, पण ठरलेल्या पट्ट्यातून गेलेला सोडला तर तोही हुकल्याच्याच हिशेबात जमा, आणि असे तीन झाले की बाहेर.

त्यात अडचण किती बारीक आहे ते पाहा. चेंडू फेकणारा ६० फूट ६ इंचांवर उभा. ताशी ९५ मैलांनी आलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात अंगाशी येतो. बॅटची जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच, चेंडूचा व्यास तीन इंचांहूनही कमी, आणि दोन्ही गोल. गाठ जराशी वरखाली पडली की चेंडू आभाळात तरी जातो नाहीतर मातीत. म्हणूनच दहापैकी तीनदा जमवणारा या खेळात थोर ठरतो. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी गाठली; अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये त्यानंतर ०.४०० कोणालाच जमलेलं नाही. रेगी जॅक्सन कारकिर्दीत २,५९७ वेळा तीन हुकांनी बाद झाला, आणि ५६३ होमरनही त्याचेच. १९९३ मध्ये त्याला मानाने हॉल ऑफ फेममध्ये बसवलं.

एवढ्या चिडचिडीवर हसण्याशिवाय उपाय काय? अमेरिकेतली बेसबॉलवरची सर्वांत गाजलेली कविता, १८८८ ची ‘केसी ॲट द बॅट’, गावाचा लाडका वीर ऐन वेळी हुकतो त्याची आहे. मारिओ मेंडोझाची सरासरी इतकी बेताची, की सहकाऱ्यांच्या थट्टेतून ०.२०० च्या पातळीला ‘मेंडोझा रेषा’ हे नाव कायमचं चिकटलं. वऱ्हाडात हेच काम ‘काऊन रे भाऊ, वारा हाणून राह्यला का?’ एवढ्यात होतं. त्या टोमण्यात दुष्टावा नसतो, कारण टोमणा मारणाऱ्याचाही डाव पुढे यायचाच असतो.

राहिला शेवटचा आक्षेप: दुसऱ्याच्या खेळात कशाला शिरायचं, आपला विटीदांडूच संमेलनात दाखवू. दाखवण्याची किंमत मी कमी मानत नाही. अमरावतीत १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेला आणि त्याने तिथे कबड्डीसह आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. मौज अशी की त्याच ऑलिम्पिकमध्ये, १२ ऑगस्टला, बेसबॉलही असाच प्रात्यक्षिक म्हणून मांडला होता. प्रेक्षक नव्वद हजारांच्या घरात होते असं सांगतात. तरी त्या एका संध्याकाळीने जर्मनी काही बेसबॉलवेडा झाला नाही. खेळ रुजतो तो रोज हुकणाऱ्या पोरांमुळे. तेव्हा संमेलनात विटीदांडू जरूर मांडावा, पण आजोबांनी आधी स्वतः दोनचार टोले हुकवून दाखवावेत आणि मग दांडू नातवंडांच्या हाती द्यावा. नुसते फोटो काढून घरी जाऊ नये.