संकर आणि संमती : डहाणू-तलासरीच्या तीन कथनांच्या निमित्ताने

उत्तर-वसाहतवादी समीक्षेत 'संकर' ही संज्ञा आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्या मूळ अर्थच्छटांचा आपल्याला विसर पडावा. मराठीत हा शब्द निंदाव्यंजक होता. 'वर्णसंकर' म्हणून धर्मशास्त्राने ज्याची भीती घातली, तीच गोष्ट होमी भाभा यांच्या 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) या ग्रंथानंतर सर्जनशीलतेचे लक्षण ठरली. निंदेची जागा गौरवाने घेतली. परंतु संकर कोणाच्या संमतीने घडला आणि त्याला नाव देण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हा प्रश्न दोन्ही भूमिकांत बाजूलाच पडतो. तो येथे एका विशिष्ट भूप्रदेशाच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अगदी उत्तरेकडचे गाव. पलीकडचे उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. द्वैभाषिक राज्याच्या विभाजनात ते गुजरातेत गेले. त्याच उंबरगाव तालुक्यात संजाण आहे. पारशी परंपरेनुसार निर्वासित जरथुष्ट्रीयांना तेथील राजा जादी राणा याने आश्रय दिला. दुधात साखर विरघळावी तसे आम्ही मिसळून जाऊ, ही सर्वश्रुत आख्यायिका याच प्रसंगाची. मात्र बहमन कैकोबाद याने सुमारे १६०० साली रचलेल्या 'किस्सा-इ-संजान' या फार्सी काव्यात दूध-साखरेचा हा प्रसंग नाही. तेथे आहेत त्या अटी : स्वभाषा सोडावी, स्त्रियांनी या देशाचा वेश घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत. लोककथेने ज्याला मिसळणे म्हटले, ते ग्रंथात कराराच्या रूपात येते. भाषा आणि वेश बदलावयाचा. धर्म आणि वंश मात्र वेगळे राखावयाचे.

ही वंशमर्यादा पुढे न्यायालयात स्पष्ट झाली. १९०८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सुप्रसिद्ध निकालात न्यायमूर्ती दावर यांनी 'पारशी' या शब्दाची व्याख्या करताना पारशी पिता आणि परकी माता यांची, रीतसर धर्मात घेतलेली संतती त्या व्याख्येत समाविष्ट केली. पारशी मातेच्या अशा संततीला तेथे स्थान नव्हते. नाव पित्याकडून येते, हे येथे गृहीत आहे.

गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९४५ च्या वारली लढ्याचे हे कथन वेठ आणि लग्नगडी या प्रथांबरोबरच जमीनदारांनी वारली स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचेही आहे. ज्या समाजात पुरुषाचे लग्नच कर्जापायी गहाण पडते, तेथे स्त्रीच्या संमतीला कोणता आशय उरतो? अशा व्यवस्थेतून जन्मलेल्या संततीला 'संकरित अस्मिता' म्हणणे हे सिद्धान्ताने केलेले दुसरे अतिक्रमण ठरेल. तथापि या ग्रंथाची निवेदक बाहेरून आलेली कार्यकर्ती आहे आणि तिची भाषा प्रमाण मराठी आहे. वारली स्त्री तेथे शोषणाची साक्ष होते. कथनाचे केंद्र होत नाही.

मुंबईत वाढलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले अनोश इराणी यांची इंग्रजी कादंबरी 'डहाणू रोड' (२०१०) याच जमिनीकडे दुसऱ्या टोकाकडून पाहते. इराणी बागायतदार कुटुंबातील झायरोसला चिकूच्या वाडीत गणपत या वारल्याने गळफास घेतलेला आढळतो. पुढे गणपतच्या मुलीकडे, कुसुमकडे, तो ओढला जातो. आजोबांच्या पिढीचा अपराध नातवाच्या प्रेमातून उघड होतो, हे या रचनेचे सामर्थ्य; परंतु त्या अपराधाची जाणीव मुख्यतः त्याचीच राहते, ही तिची मर्यादा. दोन्ही कृती एकमेकींच्या विरुद्ध बाजूंनी लिहिल्या गेल्या असूनही मिश्र वंशाची व्यक्ती दोहोंतही निवेदक नाही.

ही अनुपस्थिती अपरिहार्य नव्हे. कॅनडातील मेती जनसमूह युरोपीय फर-व्यापारी आणि क्री, ओजिब्वे इत्यादी आदिवासी स्त्रिया यांच्या संबंधांतून उदयास आला. क्रियापदे प्रायः क्रीची आणि नामे प्रायः फ्रेंचची अशी 'मिचिफ' भाषा त्याने घडविली. १८८५ च्या उठावानंतर त्यांचे नेते लुई रिएल यांना फाशी झाली. १९८२ च्या संविधान अधिनियमाने मेतींना आदिवासी जनसमूह म्हणून मान्यता दिली. २००३ च्या पावली निकालाने स्वतःची ओळख, पूर्वजांशी नाते आणि समूहाची स्वीकृती हे निकष घालून दिले. मिश्रणवाचक शब्द येथे लोकांनी स्वतःचे नाव म्हणून धारण केला. आपल्याकडेही २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई नायका प्रकरणात, आदिवासी मातेच्या समाजात वाढल्याचे सिद्ध करण्याची मुभा अशा संततीला दिली. पित्याच्या वंशाकडून वाढलेल्या घराकडे झालेला हा प्रवास लहान असला, तरी महत्त्वाचा आहे.

साहित्यविचाराने यापासून काही घेण्यासारखे आहे. संकर हा संस्कृतीचा गुण नसून, दोन विषम समूहांमधील संबंधाचा इतिहास आहे. म्हणून या किनाऱ्यावरील कोणत्याही कृतीचा विचार करताना ती दोन परंपरा किती सुंदर एकत्र आणते हे पाहण्याआधी, त्या एकत्र येण्यात बोलण्याचा अधिकार कोणाला मिळाला हे पाहावे लागेल. मातेच्या घरातून, तिच्या बोलीत लिहिलेले कथन जेव्हा येईल, तेव्हा 'संकर' हीच संज्ञा योग्य आहे की नाही, याचा निर्णयही समीक्षकाने त्या कथनावर सोपविला पाहिजे.