इब्न रुश्द यांना न सापडलेला शब्द

शोकांतिकेवर परिसंवाद असला की एखादा वक्ता ठरलेले वाक्य म्हणतोच. ग्रीकांकडे शोकांतिका होती, मुसलमानांकडे नव्हती, कारण मुसलमान तकदीर मानतात आणि तकदीर मानणारा माणूस झगडत नाही. मग आमच्यापैकी कुणीतरी उठतो आणि तितक्याच आवेशाने सांगतो, करबला ही जगातली सर्वांत मोठी शोकांतिका आहे. टाळ्या पडतात, चहा येतो आणि प्रश्न होता तिथेच राहतो. आम्हाला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

पहिल्या आरोपाचे आधी पाहू. तकदीर मानल्याने शोकांतिका होत नसेल तर ती ग्रीकांकडेही व्हायला नको होती. सोफोक्लिजच्या ‘राजा इडिपस’मध्ये बाप मारला जाणार आणि आई पत्नी होणार हे मुलगा जन्मण्याआधीच ठरलेले आहे. लेखी काय ते आधीच लिहून झालेले आहे. नाटक उभे राहते ते त्या लिखिताचा शोध घेणाऱ्या माणसावर. तेव्हा कारण तकदीर नव्हे. कारण बरेच साधे आहे, आणि ते भाषांतराच्या कारखान्यात सापडते.

ॲरिस्टॉटल, म्हणजे आमच्या जुन्या पुस्तकांतला अरस्तू, याचे ‘काव्यशास्त्र’ बगदादमध्ये अबू बिश्र मत्ता यांनी दहाव्या शतकात अरबीत आणले. मत्ता स्वतः ख्रिस्ती होते, ग्रीक त्यांना येत नव्हते, समोर होते ते सुर्यानी भाषांतर. ‘ट्रॅजेडी’ला त्यांनी ‘मदीह’ म्हणजे स्तुतिकाव्य म्हटले आणि ‘कॉमेडी’ला ‘हिजा’ म्हणजे निंदाकाव्य. अरबी कवितेत हे दोन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते, त्यामुळे शब्द बसले असे वाटले. वस्तू मात्र निसटली. नाटकाचा रंगमंच कुणी पाहिलाच नव्हता. ग्रीकांचे तर्कशास्त्र, वैद्यक, गणित, ज्योतिष सगळे बगदादने उतरवून घेतले. नाटके घेतली नाहीत. सोफोक्लिज हाताशी नसताना त्याच्यावरचा शास्त्रग्रंथ वाचणे म्हणजे कधी न चाखलेल्या पक्वान्नाची केवळ पाककृती वाचणे.

हीच पाककृती बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांच्या हाती आली. त्यांनी तिच्यावर भाष्य लिहिले. हेर्मान नावाच्या जर्मन पंडिताने 1256 मध्ये तोलेदो येथे त्या भाष्याचे लॅटिन केले, आणि पुढे कितीतरी वर्षे युरोपातले पंडित ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र म्हणून वाचत होते ते हेच. म्हणजे शोकांतिकेला स्तुती समजण्याची चूक एकट्या मुसलमानांची राहिली नाही. हे मात्र परिसंवादात कुणी सांगत नाही.

अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने याच प्रसंगावर 1947 मध्ये एक कथा लिहिली. इब्न रुश्द त्या दोन ग्रीक शब्दांपाशी अडून बसलेले आहेत. खिडकीखाली पोरे खेळत आहेत. एक मुअज्जिन झाला आहे, दुसरा त्याला खांद्यावर घेऊन मिनार झाला आहे, तिसरा गुडघे टेकून जमात झाला आहे. नाटक डोळ्यांसमोर चालले आहे आणि भाष्यकाराला ते दिसत नाही. कथा सुंदर आहे यात वाद नाही. पण ती वाचल्यावर इब्न रुश्द म्हणजे बिचारा आंधळा विद्वान एवढेच मनात उरते, आणि तिथे आमचे मन अडते. कारण त्यांचे भाष्य पाहिले तर ते इतके आंधळे नव्हते.

ॲरिस्टॉटल म्हणतो, शत्रूने शत्रूला मारले तर त्यात विशेष करुणा नाही. रक्ताच्या माणसाकडून रक्ताच्या माणसावर घाव पडतो किंवा पडू पाहतो तिथे काळीज हलते. इब्न रुश्द यांच्यापुढे इडिपस नव्हता, मिडिया नव्हती. मग त्यांनी कुठे पाहिले? त्यांनी हजरत इब्राहीम यांच्याकडे पाहिले. पुत्राच्या बाबतीत त्यांना झालेली आज्ञा हे अत्यंत दुःखद आणि भयद कथनाचे उदाहरण म्हणून त्यांनी दिले. हजरत यूसुफ आणि त्यांच्या भावांची कथाही त्यांनी घेतली. आम्ही बकरीदला जी कथा ऐकत लहानाचे मोठे झालो, तिच्यात ॲरिस्टॉटलचे भय आणि करुणा आहे हे आठशे वर्षांपूर्वी एका काजीने ओळखले होते. बापाच्या हातात सुरी आहे, मुलगा मान पुढे करतो आहे. शेवट सुखाचा आहे हे ठाऊक असूनही त्या क्षणाला श्वास अडकतो. शब्द चुकला, रंगमंच दिसला नाही, पण दुखण्याची जागा त्यांनी नेमकी दाखवली. आमच्या मते हे भाष्याचे अपयश नाही, अर्धे यश आहे.

आता करबला. इथे आपल्याच माणसांना नाराज करावे लागणार, इलाज नाही. ॲरिस्टॉटलचे माप लावले तर करबला शोकांतिका होत नाही. तो म्हणतो, सर्वथा सज्जन माणूस सुखातून दुःखात पडला तर भय-करुणा उपजत नाही, मन विटते. नायकाच्या हातून काहीतरी चूक घडायला हवी. इमाम हुसैन यांच्या हातून कोणती चूक घडली? कुणी दाखवू म्हटले तर ऐकणारा उठून जाईल, आणि बरोबरच करील. शहादतीत हरणारा जिंकलेला असतो. इराणमधल्या ताजियाच्या खेळात हे डोळ्यांनी दिसते. हुसैन यांच्या बाजूचे गातात, शत्रूकडचे नुसते बोलतात. हिरवा रंग इकडे, लाल तिकडे. शिम्र झालेला नट हातातल्या कागदावरून वाचतो, म्हणजे हे शब्द माझे नव्हेत हे तो पाहणाऱ्याला सांगत असतो, आणि वाचता वाचता तोच रडतो. ग्रीक नटाला असे करणे सुचले नसते. हा स्वतंत्र नाट्यप्रकार आहे. त्याला शोकांतिका म्हणून त्याचा मान वाढत नाही, उलट परक्या गजाने मोजल्यामुळे तो कमीच भरतो.

पुढचा इतिहास भरभर सांगण्यासारखा आहे. तेराव्या शतकात कैरोत इब्न दानियाल सावल्यांच्या खेळासाठी नाटके लिहीत होता, पण ती हसवणारी. बैरुतमध्ये मारून नक्काश यांनी आपल्या घरी अरबी नाटक केले, त्याला मोलिएरचा आधार. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भावे ‘सीतास्वयंवर’ करतात, त्यानंतर चार-पाच वर्षांतच हे घडले. जॉर्ज अब्यद यांनी 1912 मध्ये कैरोत इडिपस अरबीत उभा केला. मत्तांनी सोडलेली वस्तू हजारेक वर्षांनी हाती आली.

आली, पण पचली का? हा प्रश्न ज्याने जिवाला लावून घेतला तो इजिप्तचा तौफीक अल-हकीम. त्याचे ‘अल-मलिक ऊदीब’ 1949 चे. ऑर्थर मिलरचा ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ही त्याच वर्षी आला. तिकडे राजा जाऊन सामान्य फिरता विक्रेता नायक झाला होता, आणि इकडे हकीम राजालाच पुन्हा तपासत होता. त्याच्या नाटकात स्फिंक्स नाहीच, आहे तो साधा सिंह. स्फिंक्सची दंतकथा तिरेसियसने रचलेली, आपल्या पसंतीचा माणूस गादीवर बसवण्यासाठी. इडिपसला हे ठाऊक असते आणि तो गप्प राहतो. चूक मिळाली! ती देवांनी लादलेली नाही, माणसाने स्वीकारलेले खोटे आहे. राजकारणाच्या दृष्टीने ही कल्पना फार बळकट आहे. पण सत्य उघड झाल्यावर हकीमचा इडिपस योकास्टाला विनवतो, आपले प्रेम खरे आहे, आपण तसेच राहू. वास्तव आणि हकीकत यांचा झगडा दाखवायचा म्हणून हे लिहिले असेल, पण वाचणाऱ्याला किळस येते आणि करुणा तिथेच आटते.

त्यापेक्षा त्याचे 1933 चे ‘अहल अल-कहफ’ आम्हाला सरस वाटते. कथा सूरह कहफची. गुहेत झोपलेले तरुण तीनशे नऊ वर्षांनी जागे होतात. कुराणात ती कथा अल्लाहच्या सामर्थ्याची निशाणी आहे. हकीम विचारतो, जागे झाल्यावर त्यांनी जगायचे कुठे? लोक त्यांना संत म्हणून डोक्यावर घेतात, पण घरी कुणी नाही. मेंढपाळ यमलीखाला हे आधी कळते, तो गुहेकडे परततो. मरनूश बायकोला आणि लहानग्या मुलाला भेटायला निघतो. मुलगा बापापेक्षा वयाने मोठा होऊन केव्हाच मेलेला. मिश्लिनिया थांबतो, कारण राजकन्या प्रिस्का अगदी त्याच्या प्रियेसारखी दिसते, नावही तेच. ती तिच्या वंशातली आहे, ती नव्हे. इथे कुणी पापी नाही, खलनायक नाही, देवाचा कोपही नाही. आहे तो फक्त काळ. हकीमची धारणाच होती की ग्रीकांचा झगडा नियतीशी, आपला काळाशी.

1935 मध्ये कैरोच्या राष्ट्रीय नाट्यमंडळीने आपला आरंभ याच नाटकाने केला आणि ते पडले. संवाद लांब, हालचाल थोडी. हकीमने मग आपली नाटके मनाच्या रंगभूमीची आहेत असे म्हणायला सुरुवात केली. आम्हाला हे सांत्वन पटत नाही. ‘नटसम्राट’मध्ये घराबाहेर पडलेला म्हातारा मराठी प्रेक्षकाने रंगमंचावरच ओळखला, पुस्तकात नव्हे. मरनूश मुलाच्या कबरीपाशी उभा आहे, त्याच्या हातात पोरासाठी आणलेली भेट आहे, हे दृश्य चार नट आणि एक दिवा यांच्यावर होण्यासारखे आहे. संवाद मात्र निम्मे कापावे लागतील.