आमच्या साहसकथेत सोमवंत कोठे आहे?

साहसकथेचा नायक कोणी व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. ज्याच्या अंगी धाडस असेल त्याने व्हावे, असे उत्तर कोणीही देईल. परंतु आपल्या मराठी कुमारवाङ्मयाचे कपाट उघडून पाहिले, तर नुसत्या धाडसावर नायकपद कोणाला मिळालेले दिसत नाही. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ हातात घेणाऱ्या पिढीला नायक म्हणून राजकुळातला वीरच ठाऊक होता. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांत भुयारे आली, गुप्त दरवाजे आले, वेषांतरे तर पानोपानी आली. पण वेष उतरला की आत जो निघावा असे वाचकाला वाटे, तोच निघे. पुढे भा. रा. भागवतांनी नायकपद राजवाड्यातून बाहेर काढले आणि फुरसुंगीच्या एका काटकुळ्या शाळकरी पोराला सायकलवर बसविले. फास्टर फेणे हा मराठी मुलांवरचा मोठा उपकार आहे. आपल्यासारखाच एक जण चोरांचा पाठलाग करू शकतो, हे त्यामुळे लक्षावधी मुलांना प्रथम कळले.

आपल्यासारखाच! कुमारवाङ्मयाची सारी किमया या एका शब्दात साठविलेली आहे. मात्र काही मुले अशी असतात की त्यांना हा शब्द अजून कोणी दिलेलाच नाही. घरीदारी ज्याला मुलगा म्हणतात पण जो मनोमन स्वतःला मुलगी समजतो तो, किंवा याच्या उलट जिची अवस्था आहे ती, किंवा वर्गातल्या मित्रावरच ज्याचा जीव जडला आहे असा पोरगा: या मुलांना आपली साहसकथा सायकलही देत नाही आणि घोडाही देत नाही. मी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना शिकवितो आणि कादंबऱ्या लिहितो. म्हणून हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी टोचतो.

ही मुले मराठी साहित्यात मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. प्रौढांच्या दालनात ती भेटतात. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ १९७९ मध्ये रंगभूमीवर आले, विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये आले, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही कृती आपापल्या परीने मोलाच्या आहेत. पण त्यांत या माणसांच्या वाट्याला काय येते? भ्रम येतो, आत्मनाश येतो, विरह येतो. तेंडुलकरांची मित्रा अखेर जिवंत राहत नाही. शोकांतिका लिहिणे हा लेखकाचा अधिकार आहे आणि त्या काळी तेच सत्य होते, हेही मान्य. परंतु चौदा वर्षांच्या मुलाने आपल्यासारख्या माणसाला पहिल्यांदा भेटावे ते त्याच्या अंत्ययात्रेतच, हे काही बरे नव्हे.

आता कोणी म्हणेल, ‘हे खूळ परदेशचे. आमच्या घरातल्या मुलांच्या कानी ते कशाला?’ या गृहस्थांना मी नम्रपणे त्यांच्याच देवघरातली पोथी उघडावयास सांगेन.

श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये बारामतीस ‘शिवलीलामृत’ पुरे केले. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीस ते आजही घरोघर वाचले जाते. त्याच्या सातव्या अध्यायातली कथा आपल्या विदर्भातली आहे. वेदमित्र आणि सारस्वत या दोन ब्राह्मण मित्रांचे सुमेधा आणि सोमवंत हे दोन पुत्र. बरोबर वाढलेले, बरोबर शिकलेले. लग्नासाठी द्रव्य हवे म्हणून ते विदर्भराजाकडे जातात. राजा त्यांना भलतीच युक्ती सांगतो: राणी सीमंतिनी सोमवारी दांपत्यांची पूजा करून त्यांना धन देते, तेव्हा तुमच्यापैकी एकाने स्त्रीवेश घ्यावा आणि जोडप्याने तिच्याकडे जावे. मुले बिचकतात, पण राजाज्ञेपुढे इलाज चालत नाही. सोमवंत लुगडे नेसतो. सीमंतिनी त्या दोघांना शिवपार्वती मानून पुजते, आणि तिच्या भक्तीचे सामर्थ्य असे की परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरीच स्त्री होतो. एवढेच नव्हे, तर सुमेधावर अनुरक्त होतो.

पुढे जे घडते ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सारस्वताच्या घरी आकांत होतो. एकुलता एक मुलगा गेला, म्हणून तो राजाकडे दाद मागतो. राजा देवीची आराधना करतो आणि सोमवंताला पूर्ववत करण्याची याचना करतो. देवी प्रसन्न होते, पण मागितलेले देत नाही. माझ्या भक्ताने केलेले मला मोडवत नाही, असा तिच्या म्हणण्याचा भावार्थ. ती सारस्वताला दुसरा पुत्र देते आणि सोमवंताचे सुमेधाशी लग्न लावावयास सांगते.

बापाला मूल जसे होते तसे परत हवे आहे; राजा त्याच्या बाजूने उभा आहे; आणि साक्षात देवी मात्र सांगते की आता ते मूल आहे तसेच राहील. तीनशे वर्षे हे आपण मुलाबाळांसमोर मोठ्याने वाचीत आलो आहोत!

पोथीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर ती समीक्षा न होता आरती होईल. येथे सोमवंताचे स्वतःचे मन बदलापूर्वी काय होते, हे श्रीधर सांगत नाही. बदल घडतो तो दुसऱ्याच्या भक्तीने, त्याच्या इच्छेने नव्हे. दोन मित्रांचे प्रेम मान्य होते तेही एक जण स्त्री झाल्यावरच. आणि बापाच्या दुःखावर तोडगा काय, तर बदली मुलगा! कथेचे मर्म सीमंतिनीचे माहात्म्य हे आहे. सोमवंत तिचा पुरावा होऊन राहतो. पोथीने त्याला जागा दिली, पण वाणी दिली नाही.

महाभारतातला शिखंडी याहून एक पाऊल पुढे आहे. द्रुपदाने मुलगा म्हणून वाढविलेली ही कन्या, लग्नानंतर सत्य उघडे पडून सासरा सैन्यासह चालून येतो तेव्हा, आईबापांवरचे अरिष्ट टळावे म्हणून एकटी अरण्यात प्राण द्यावयास निघते. तेथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष तिला आपले पुरुषत्व देतो. ओसाड रान, यक्षाचे घर, जिवावरचा सौदा: अद्भुतरम्य साहसकथेला आणखी काय हवे? तरीही शाळेच्या पुस्तकातून आणि गोष्टींच्या संग्रहातून शिखंडी येतो तो भीष्मांसमोर धरलेली एक ढाल म्हणून. अरण्यात एकट्याने गेलेला तो तरुण जीव आपण मुलांना सांगतच नाही.

आणि बृहन्नडा तर आम्हा वऱ्हाडकरांची शेजारीण! विराटनगरीवर राजस्थानातील बैराटही हक्क सांगते; पण आमच्या मेळघाटात विराटाची नगरी चिखलदऱ्याला होती अशी आख्यायिका आहे. कीचकाला भीमाने मारून ज्या दरीत फेकले तो कीचकदरा, त्यावरून चिखलदरा. आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंड. कीचकाचा वध झाला तो नृत्यशाळेत, जेथे दिवसा राजकन्येच्या मेळ्यातल्या मुली नाचत. त्यांना शिकवीत होता उर्वशीच्या शापाने वर्षभर बृहन्नडा झालेला अर्जुन. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो आणि पांडवांच्या शस्त्रांची गोष्ट मुलांना सांगतो. ती शस्त्रे उत्तराकरवी झाडावरून उतरवून घेणारी कोण होती? हातात कांकणे आणि पाठीवर वेणी असलेली बृहन्नडाच.

एकदा शाळेची सहल भीमकुंडावर गेली होती. ही गोष्ट सांगून झाल्यावर एका पोट्ट्याने विचारले, ‘गुरुजी, मंग थो बाई होता का माणूस?’ सगळी मुले खदखदा हसली. हसू ओसरल्यावर मागून दुसऱ्या एकाने हळूच विचारले, ‘वरीसभर त्याले तसं रायनं आवडलं का?’ या वेळी कोणी हसले नाही. महाभारतात या प्रश्नाचे उत्तर नाही. व्यासांना ती एक अज्ञातवासाची सोय होती. वर्ष संपले, कांकणे उतरली, गांडीव हाती आले. पण प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणारे मूल प्रत्येक शाळेत कोठे तरी मागच्या बाकावर बसलेले असते. पुराणकाराने मोकळी सोडलेली जागा भरणे हे पुढच्या कथाकाराचे काम होय.

ते कसे भरावे, याचा एक नमुना दूरच्या मुलखातून आलेला आहे. एडन थॉमस या लेखकाची ‘सेमेटरी बॉईज’ ही इंग्रजी कादंबरी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. शब्दकोश उशाशी घेऊन मी ती वाचली. लेखक स्वतः पारलिंगी आहेत, म्हणजे जन्मतः जे लिंग ठरविले गेले त्याहून निराळी त्यांची ओळख आहे. कथा घडते लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात, मेक्सिको आणि आसपासच्या देशांतून आलेल्या घराण्यांच्या वस्तीत. या घराण्यांजवळ मंत्रविद्या आहे: पुरुषांनी खंजिराने अडकलेल्या भुतांना मुक्ती द्यावयाची, स्त्रियांनी रोग्यांना बरे करावयाचे. सोळा वर्षांचा याद्रिएल जन्माने मुलगी ठरलेला, पण तो मुलगा आहे. घरचे त्याला मुलाची दीक्षा देत नाहीत. तेव्हा तो चुलतबहिणीला सोबत घेऊन रात्री चोरून स्वतःच दीक्षा घेतो, आणि मृत्युदेवता त्याचा खंजीर स्वीकारते. मग तो भूत बोलावतो ते भलत्याच एका दांडगट पोराचे, आणि त्या पोराचा खून कोणी केला याचा शोध घेता घेता दोघांचा एकमेकांवर जीव जडतो.

आपली पोथी आणि ही कादंबरी यांत किती अंतर, आणि किती जवळीक! दोन्हीकडे घर नाही म्हणते आणि देवी हो म्हणते. फरक एवढाच की सोमवंतावर बदल ओढवतो. याद्रिएल मात्र देवीसमोर स्वतः उभा राहून आपले नाव सांगतो. ज्या वाणीचा पोथीत अभाव आहे, ती येथे आहे. शिवाय लेखकाने परंपरेला शिव्या दिलेल्या नाहीत. पितरांचा सण, फुलांनी सजविलेल्या वेदी, आजीच्या हातचे पदार्थ या सगळ्यांवर याद्रिएलचे आपल्याइतकेच प्रेम आहे. त्याला घर सोडावयाचे नाही. घरात शिरावयाचे आहे.

दोषही आहेत. खलपुरुष कोण, हे जाणता वाचक अर्ध्या वाटेवरच ओळखतो. शेवटी वडीलधाऱ्यांचे मतपरिवर्तन जरा घाईने होते. आणि एक खोल शंका उरते: आपण मुलगा आहोत हे पटविण्यासाठी याद्रिएलला पराक्रम का करून दाखवावा लागावा? शिखंडीलाही पुरुष म्हणून गणले जाण्यासाठी यक्षाचे दान लागले होते. जो पराक्रमी नाही त्याने काय करावे? ही उणीव लेखकालाही जाणवली असावी, असे त्यांच्या २०२२ मधील ‘द सनबेअरर ट्रायल्स’ या कादंबरीवरून वाटते. तेथला पंख असलेला देवपुत्र तेओ हाही पारलिंगीच आहे. परंतु त्याबद्दल त्याच्याकडे कोणी दाखला मागत नाही. त्याचे भांडण आहे ते देवांच्या जगातल्या उच्चनीचतेशी आणि एका बळी मागणाऱ्या स्पर्धेशी. मला वाटते, साहसकथेचा न्याय तो हाच. नायकाला शत्रू मिळावा. त्याचे अस्तित्व हाच खटला होऊ नये.

आपल्या देशात न्यायालयाने हा खटला बराचसा निकाली काढला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची ओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. न्यायालय शिक्षा थांबवू शकते. वर्गातले हसू ते थांबवू शकत नाही. ते काम गोष्टीचे आहे.

मात्र आमच्या लेखकांना एक विनंती. या मुलांवर गोष्ट लिहिताना कृपा करून बोधाचा काढा पाजू नका. ‘यांनाही समाजाने स्वीकारावे’ असे शेवटच्या पानावरचे भाषण मुले वाचीत नाहीत; आणि ज्याच्यासाठी ते लिहिलेले असते त्याला तर आपण दयेचा विषय आहोत एवढेच त्यातून कळते. त्याला दया नको आहे, गाविलगडाचा नकाशा हवा आहे. सातपुड्यातली एखादी गुहा द्या, तुटका बुरूज द्या, पावसाळी रात्र आणि एक विश्वासू मित्र द्या. मित्राशी त्याचे नाते काय, हे चार वाक्यांत साधेपणाने सांगा आणि पुढे चला. कारण भुयारात पाणी चढते आहे!

यंदाच्या दसऱ्याला दाराला बांधलेले झेंडूचे तोरण अजून ताजे असेल. हे फूल मूळचे मेक्सिकोचे. याद्रिएलच्या घरची मंडळी याच फुलांनी पितरांना वाट दाखवितात. परदेशचे म्हणून आपण ते दारातून काढून टाकलेले नाही. मग सोमवंत तर आपल्याच विदर्भातला, आपल्याच पोथीतला. सुमेधाबरोबर तो नैषधाच्या वाटेने निघाला, तेव्हा त्या रानात त्या दोघांना काय काय दिसले, ते एकमेकांशी काय बोलले, सोमवंताला स्वतःला काय हवे होते? श्रीधरस्वामींना ते सांगावयास सवड झाली नाही. आपल्याला आहे.