स्वस्त युकुलेले: दोष कानाचा की वाद्याचा?

एका शाळेने संगीताच्या तासासाठी सहा युकुलेले विकत घेतली. प्रत्येकाची किंमत दीड हजार रुपयांच्या आसपास. चार नायलॉनच्या तारा, लहानसे लाकडी शरीर, मुलांच्या हातात सहज मावणारे हे वाद्य. आठवडाभरातच सातवीतल्या एका मुलीने तक्रार केली, "बाई, चारही तारा नीट लावल्यात, तरी ही एक कॉर्ड वाजवली की कसंतरीच वाटतं." बाईंनी सराव वाढवायला सांगितले. तिने पुन्हा तेच म्हटल्यावर तिला सुराची जाण बेताची असावी, असे ठरले. बाई आमच्या परिचयाच्या. त्यांनी गप्पांच्या ओघात ही गोष्ट सांगितली आणि आम्ही स्टीलची फूटपट्टी, सूर मोजणारे साधे यंत्र व एक जुने पोस्टकार्ड घेऊन शाळेत गेलो.

त्या मुलीचे म्हणणे बरोबर होते. ते बरोबर का होते, हे पाहिले की स्वस्त वाद्याची पारख कशी करावी, हेही कळते.

पांढरी एकचा षड्ज धरला, तर युकुलेलेच्या तारा प, सा, ग, ध अशा लावतात. गंमत म्हणजे पहिली, प ची तार मंद्र नसते. ती सा आणि ग यांच्याही वर, ध च्या लगतच असते. मुलगी जी कॉर्ड वाजवत होती तिच्यात म, ध आणि सा हे स्वर येतात. तिच्यासाठी प ची तार दुसऱ्या पडद्यावर दाबतात, म्हणजे ती ध देते. ध ची तार मोकळीच असते. एकच स्वर दोन तारांवर एकाच वेळी वाजतो. दोघींनीही सेकंदाला ४४० कंपने करायला हवीत. यंत्रावर पाहिले तेव्हा मोकळी तार ४४० दाखवत होती आणि दाबलेली ४४५. दोन जवळजवळच्या वारंवारता एकत्र आल्या की आवाज लहानमोठा होत राहतो. पाठ्यपुस्तकात यांनाच विस्पंद म्हटले आहे. सेकंदाला किती विस्पंद, तर दोन वारंवारतांमधील फरकाएवढे, म्हणजे येथे पाच. मुलीला जे 'कसंतरीच' वाटत होते ते हेच. नववी-दहावीच्या मुलांनाही जे प्रयोगशाळेत मुद्दाम दाखवावे लागते, ते सातवीतल्या मुलीने आपण होऊन ऐकले होते, आणि त्याबद्दल तिला उणे गुण मिळाले होते!

आता दोष नेमका कुठे? पहिला संशय पडद्यांवर जातो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक ते सरकवून जुळवून घेतो. युकुलेलेचे पडदे दांडीत खाच पाडून ठोकलेले असतात. कारखान्यात चुकले ते कायमचे चुकले. त्यांच्या जागा मात्र साध्या गणिताने काढता येतात. तारेची मोकळी लांबी १७.८१७ ने भागली की पहिला पडदा टोकापासून किती अंतरावर हवा ते मिळते. उरलेली लांबी पुन्हा त्याच संख्येने भागली की दुसरा. असे बारा वेळा केले की तार बरोबर निम्मी होते आणि वरचे सप्तक मिळते. (ही संख्या म्हणजे २ च्या बाराव्या मुळावरून येणारे गुणोत्तर, अकरावीच्या मुलांना जरूर काढायला लावावे.) गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूट वाजवणारे आणि संगीताचे अभ्यासक. त्यांनी १५८१ मध्ये छापलेल्या ग्रंथात यासाठी सरळ १८ ही संख्या सुचवली होती. तिने बारावा पडदा निम्म्याच्या किंचित अलीकडे पडतो व सूर थोडा उतरतो. पण तार दाबताना ती ताणली जाऊन सूर थोडा चढतोच, त्यामुळे ती चूक बरीचशी भरून निघते.

या वाद्यांची मोकळी लांबी ३४६ मिमी होती. हिशेबाने पहिला पडदा १९.४, दुसरा ३७.७, सातवा ११५.१ आणि बारावा १७३ मिमीवर हवा. फूटपट्टी लावली. सहाही वाद्यांत फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. दुसऱ्या पडद्याशी अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे तीन शतांश एवढाच हलतो. येथे तर तो वीस शतांश चढला होता. तेव्हा पडदे निर्दोष. दीड हजाराच्या वाद्यात हे काम इतके नीट झालेले पाहून आम्हालाही थोडे आश्चर्य वाटले, पण पडद्यांच्या खाचा यंत्राने पाडल्या की त्यात चूक होण्याचे कारण नाही.

खरा दोष निघाला दांडीच्या टोकाशी, खुंट्यांच्या जरा अलीकडे. तेथे तारा ज्यात बसतात ती खाचांची छोटी पांढरी पट्टी असते. खाचा उथळ राहिल्या की तार पडद्यांपासून उंच राहते. मग ती दाबताना खाली पुष्कळ ओढावी लागते, ताण वाढतो आणि सूर चढतो. पहिल्या दोन-तीन पडद्यांवर हा परिणाम सर्वात जास्त होतो, आणि नवशिका नेमका तिथेच वाजवत असतो. शिवाय बोटेही दुखतात ते वेगळेच. याची परीक्षा सोपी आहे. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मधे दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर तार व धातू यांमध्ये किती फट राहते ते पाहावे. कागद जेमतेम जाईल एवढीच फट हवी. आमचे पोस्टकार्ड पाच वाद्यांत आरामात आत गेले.

खाचा खोल करायच्या म्हणजे हाताचे बारीक काम. वेळ लागतो, आणि कारखान्यात वेळ म्हणजे पैसा. उथळ खाच ठेवली तर वाद्य निदान खरखरत नाही, म्हणून दुकानात ते चांगलेच वाटते. स्वस्त वाद्यात काटकसर कुठे झाली, तर येथे. लाकडात किंवा पॉलिशमध्ये नव्हे.

तरीही बहुतेक गिऱ्हाइके पाहतात लाकूड आणि पॉलिश. हवाईत होणाऱ्या कोआ लाकडाचे गुणगान ऐकवले जाते. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर 'रेव्हन्सक्रॅग' जहाजाने होनोलुलूला आले, त्यांच्यातल्या सुतारांनी आपल्याकडच्या छोट्या माशेतवरून हे वाद्य घडवले आणि त्यासाठी तिथले लाकूड वापरले, हे खरे. चांगल्या लाकडाच्या पातळ, सलग तबलीचा आवाज अधिक मोकळा येतो, हेही खरे. पण तो पुढचा प्रश्न. मारियो माकाफेर्री या गिटार घडवणाऱ्या कारागिराने १९४९ मध्ये अमेरिकेत चक्क प्लॅस्टिकचे युकुलेले बाजारात आणले. किंमत सहा डॉलरच्या आत. साचा अचूक असल्याने प्रत्येक वाद्याचे पडदे जागच्या जागी असत. ते लाखोंनी खपले. आणि प्लायवुडच्या स्वस्त वाद्याला आम्ही कमी लेखणार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात सलग लाकडाला तडा जाण्याची किंवा ते फुगण्याची भीती, प्लायवुड मात्र तग धरते.

दोन तक्रारी आम्हाला अन्यायाच्या वाटतात. एक, 'नवे वाद्य सारखे उतरते.' नायलॉनची नवी तार काही दिवस लांबतच राहते. रोज लावत राहिले की स्थिरावते. त्याआधी वाद्याला नावे ठेवू नयेत. दुसरी, 'गंधार चढा लागतो.' तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला तो चढा लागणारच, कारण बारा समान भागांच्या पद्धतीत, म्हणजे हार्मोनियमवरही, तो अर्ध्या स्वराच्या सुमारे चौदा शतांशांनी चढाच असतो. म्हणून परीक्षा घेताना एकच स्वर दोन ठिकाणी वाजवून पाहावा. प ची तार दुसऱ्या पडद्यावर व मोकळी ध. ग ची तिसऱ्यावर व मोकळी प. सा ची चौथ्यावर व मोकळी ग. या जोड्यांत पद्धतीचा वाद येत नाही. विस्पंद ऐकू आले तर दोष वाद्याचाच किंवा तारेचा. तार बदलून पाहिली की तेही कळते.

पाच वाद्यांच्या खाचा आम्ही बारीक कानशीने, दोन-चार घासांनंतर पुन्हा पुन्हा मोजत, खोल केल्या. एका ठिकाणी जास्त घासले गेले आणि तार खरखरू लागली. तेव्हा खायच्या सोड्याची चिमूट खाचेत भरून वर झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा थेंब सोडला आणि नव्याने घासले. सहाव्या वाद्याच्या खाचा ठीक होत्या, पण त्याची घोडीच चुकीच्या जागी चिकटवलेली निघाली. टोकापासून बारावा पडदा १७३ मिमी, तेथून घोडी मात्र १७१. दाबताना चढणारा सूर भरून काढण्यासाठी दुसरे अंतर उलट मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्तच हवे. या वाद्यावर वरचे सप्तक वीस शतांशांहून जास्त चढत होते आणि घोडी उखडल्याशिवाय त्यावर उपाय नव्हता. ते परत करायला बाईंबरोबर आम्हीही गेलो. दुकानदाराने तारा छेडल्या आणि म्हणाला, "आवाज तर गोड आहे." आम्ही फूटपट्टी काढली. दुसरे वाद्य देण्याआधी त्याने आतून चार आणली आणि मुलीनेच त्यांतले एक निवडले. प ची तार दुसऱ्या पडद्यावर दाबून, डोळे मिटून.